वाफशाचा हिशेब

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या मौजे इनामगावी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन वस्तीलगत बांध आणि पाण्याचा पाट सापडला, हे आमच्या बहुतेक वाचकांस विदित असेलच. जव पिकविणाऱ्या त्या लोकांपुढे पाणी शेतापर्यंत आणावे कसे, एवढाच प्रश्न होता. आज त्याच परिसरात चिंचणीच्या घोड धरणाने आणि दौंडच्या बाजूस खडकवासल्याच्या कालव्याने पाणी आणून दिल्यावर, ते जमिनीत किती खोलीवर उभे राहू द्यावे, हा प्रश्न आपल्यापुढे आला आहे.

कालव्याखालचे, वर्षानुवर्षे उसाला मोकाट पाणी दिलेले एखादे चिबड वावर पाहावे. टिकावाने हातभर खणताच काळी माती जाऊन निळसर करडी, चिकट माती लागते, खड्ड्यात पाणी पाझरू लागते आणि कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. ती दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइडची. मिथेनला गंधच नसतो. तथापि ती त्याची पूर्वसूचना खचित आहे. प्राणवायू पाण्यात हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट मंद गतीने पसरतो. म्हणून जलमग्न मातीतील जीवाणू प्रथम उरलासुरला प्राणवायू, मग नायट्रेट, मँगनीज, लोह आणि सल्फेट अशी रसद क्रमाने संपवीत जातात, आणि ही कोठारे रिती झाली म्हणजे मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते.

इटलीतील एका सरोवराकाठच्या चिखलातून शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७६ साली जमविलेला ज्वलनशील वायू मिथेनच होय. त्याचा मोठा पसारा पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या, दलदलींत आहे. पृथ्वीवरील जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग त्यांनी व्यापला असला, तरी मातीतील कार्बनचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांच्या उदरात आहे. पाणी खोल उतरविले, की तो कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो. पाणी पृष्ठभागावर तुंबले, की मिथेन उसळतो. आणि पाणी पृष्ठभागाच्या किंचित खाली राखले, तर वरच्या हवेशीर थरातील मिथेनभक्षक जीवाणू त्यातील बराचसा वाटेतच गिळून टाकतात. वितीएवढ्या अंतरावर हरितगृह वायूंच्या साऱ्या हिशेबाचे पारडे फिरते.

आपल्या दख्खनी काळ्या मातीत पीट नाही. नियम मात्र तोच आहे, आणि त्याला आपल्या शेतकऱ्याने ‘वाफसा’, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, हा नेमका शब्द केव्हाच दिला आहे. मावळ-मुळशीच्या भातखाचरात छिद्रांची नळी पुरून, पाणी पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटर उतरेपर्यंत पुढचे पाणी न देण्याची रीत पिकास न बाधता मिथेन पुष्कळ घटविते. उसाच्या चिबड जमिनीत हेच कार्य चर आणि पाळीतील अंतर करील. सावधगिरी एकच: भिजण्या-सुकण्याच्या फेऱ्यांत युरिया सढळ हाताने टाकल्यास नायट्रस ऑक्साइडचे नवे संकट ओढवेल.

पाणीपट्टीच्या दप्तरात परंपरेने पीक आणि क्षेत्र यांची नोंद होते. मुळाशी पाणी किती खोलीवर आहे, याचा रकानाच नाही. पाटबंधारे खात्यातील आणि कृषी खात्यातील आमच्या वाचकांनी या हंगामात आपल्या हद्दीतील एका तरी वावरात अशी नळी पुरावी, प्रत्येक पाळीपूर्वी तीत काठी बुडवून ओल्या खुणेचे माप टिपावे, आणि तो रकाना आपल्याच हाताने आखावा.