मोडीचे नुसते रूप नको, अक्षर साठवा

१/ मोडी कागद संगणकावर उतरवताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: फाईलमध्ये काय साठवायचे आणि पडद्यावर काय दाखवायचे? बहुतेकदा ते एकच मानले जातात आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

२/ वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. मूळ कागद बहुतांशी मोडीतले, ग्रंथ मात्र बाळबोधीत. या परंपरेचे ऋण मोठे आहे. तिच्यामुळेच सामान्य वाचकाला ही पत्रे वाचता आली. पण लिप्यंतर म्हणजे मूळ लेखन नव्हे, ते मूळ लेखनाचे एक वाचन असते.

३/ बहुतेक मोडी लेखनात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ कागदावर सारखेच दिसतात. शब्दही सलग लिहिलेले असतात. वेलांटी कोणती आणि शब्द कुठे तोडायचा, हे लिप्यंतरकार ठरवतो. केवळ बाळबोध प्रत उरली, तर लेखकाने काय लिहिले आणि वाचकाने काय ठरवले, हे पुढे वेगळे करता येत नाही.

४/ संगणक आल्यावर एक सोपी पळवाट निघाली: रोमन किंवा देवनागरी अक्षरांच्या जागी मोडी आकृत्या बसवलेले फाँट. पान मोडीत दिसते, आत मात्र दुसरीच अक्षरे असतात. तो मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवला की मोडीचा मागमूसही उरत नाही. रोमन संकेतांवरचा फाँट असेल, तर हाती निरर्थक अक्षरांची रांग येते. हा मोडीचा नुसता मुखवटा झाला.

५/ २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. एकूण ७९ चिन्हांना स्वतःचे संकेतांक लाभले. आता मोडीतला ‘क’ हा देवनागरी ‘क’चा वेश नाही, साध्या मजकुरातही तो मोडीचाच राहतो.

६/ दाखवणे आणि साठवणे वेगळे ठेवण्याचा धडा प्रोग्रामिंगनेही दिला आहे. १९५८ साली आकाराला आलेल्या लिस्प भाषेत ‘लॅम्डा’ हा शब्द रोमन अक्षरांत पूर्ण लिहावा लागे. २०१४ मध्येच ईमॅक्स या एडिटरच्या २४.४ आवृत्तीत अशी सोय आली की त्या शब्दाच्या जागी पडद्यावर ग्रीक चिन्ह दिसावे, पण फाईलमधले एकही अक्षर बदलू नये. सौंदर्य डोळ्यांसाठी, सत्य फाईलसाठी.

७/ इतिहाससाधनांना हाच न्याय लावायला हवा. कागदावर एकच वेलांटी असेल, तर ती एकाच संकेतांकाने नोंदवावी. बाळबोध वाचन त्याशेजारी स्वतंत्र ओळीत द्यावे. पहिली ओळ पुरावा, दुसरी ओळ मत. मत उद्या बदलले तरी पुराव्याला धक्का लागणार नाही.

८/ यावर आक्षेप रास्त आहे: अनेक यंत्रांवर मोडी फाँट नसतो, अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात आणि शोध तर सगळे देवनागरीतच घेतात. म्हणूनच बाळबोध ओळ टाळता येणार नाही. पण चौकोन दिसला म्हणजे अक्षर हरवले असे नव्हे. योग्य फाँट बसवताच ते प्रकट होते. चुकीच्या संकेतांवर रचलेला मजकूर मात्र तो विशिष्ट फाँट नाहीसा झाला की मुका होतो.

९/ मोडी शिकणाऱ्या तरुणांच्या हातून आज जी लिप्यंतरे होत आहेत, ती उद्याच्या अभ्यासकांची साधने ठरतील. पान किती देखणे दिसते यापेक्षा पन्नास वर्षांनी त्यातले अक्षर ओळखता येईल का, हा प्रश्न मोठा आहे. कागद जपणाऱ्या पिढ्यांनी शाई जपली. संगणकावर जपायचा आहे तो संकेतांक.