अंतराची किंमत

कप्तान हुकूम सोडतो, खिडकीबाहेरच्या ताऱ्यांच्या लांब रेघा होतात आणि पुढच्याच दृश्यात यान दुसऱ्या सूर्यमालेत पोहोचलेलं असतं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने हे दृश्य जगभरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत इतकं पक्कं बसवलं, की प्रकाशापेक्षा वेगाने जाता येत नाही, हे आता मुद्दाम आठवावं लागतं.

कथाकाराची अडचण मला समजते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो, तरी प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापासून इथे यायला त्याला सव्वाचार वर्षं लागतात. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने चाललं आहे. त्या गतीने तेवढं अंतर कापायचं तर सत्तर हजारांहून जास्त वर्षं हवीत. एवढ्या काळात कथानायक कसला टिकतो! म्हणून १९६६च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेने वॉर्प ड्राइव्ह आणला, आयझॅक असिमॉव्हची यानं हायपरस्पेसमधून उड्या मारू लागली. या कल्पनांना मी थिल्लर म्हणणार नाही. मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली वॉर्प ड्राइव्हचं गणित खरोखरच मांडलं. यानाच्या पुढचा अवकाश आकुंचन पावतो, मागचा प्रसरण पावतो आणि मधल्या बुडबुड्यात यान स्वस्थ असतं. त्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा मात्र कुठून आणायची, हे आजही कोणाला ठाऊक नाही.

माझा आक्षेप विज्ञानाचे नियम मोडण्याला नाही. आक्षेप असा, की या सोयीपायी अंतर नावाची गोष्टच कथेतून हद्दपार होते. आकाशगंगेच्या या टोकावरून त्या टोकाला जाणं म्हणजे सकाळी पुण्याहून निघून संध्याकाळी परत येण्यासारखं होऊन बसतं. सापेक्षतेनुसार प्रकाशाला मागे टाकणारं यान कोणत्या तरी निरीक्षकाच्या दृष्टीने निघण्याआधीच पोहोचलेलं असतं. कारण आणि परिणाम यांचा क्रमच उलटतो. इतका जबरदस्त पेच हाताशी असताना बहुतेक कथा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

अर्सुला ले ग्विन यांनी वेगळी वाट धरली. ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या त्यांच्या १९६६च्या कादंबरीत प्रकाशापेक्षा वेगवान यानं आहेत, पण त्यांत जिवंत माणूस तगत नाही. तत्क्षणी निरोप पोहोचवणारं यंत्रही आहे. विज्ञानाच्या कसोटीला हे दोन्ही उतरत नाही, हे खरं. पण माणसाला मात्र प्रकाशाच्या मर्यादेतच प्रवास करावा लागतो आणि त्याचा हिशेब लेखिका चुकता करते. कादंबरीच्या सुरुवातीच्या कथेत सेमली ही तरुण राणी घराण्याचा हरवलेला रत्नहार आणायला दूरच्या ग्रहावर जाते. प्रवास एका लांबलचक रात्रीचा, असं तिला सांगितलेलं असतं आणि तिच्यापुरतं ते खोटंही नसतं. हार घेऊन ती तशीच तरुण परतते. घरी नवरा केव्हाच वारलेला असतो, मागे ठेवलेली तान्ही लेक वयात आलेली असते. सेमली हार तिथेच टाकते आणि रडत रानाकडे धावत सुटते. सगळ्या प्रसंगात सापेक्षतेचं एकही समीकरण नाही, तरी सापेक्षता म्हणजे काय ते काळजाला जाऊन भिडतं.

व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या जो हाल्डेमन यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’मध्येही (१९७४) हेच सामर्थ्य आहे. त्यातल्या सैनिकाची काही वर्षं सरतात, तोवर पृथ्वीवर शतकं उलटतात. परत यावं तर आपलं म्हणावं असं काही उरलेलं नसतं. युद्धावरून आलेल्या माणसाचं परकेपण सांगायला याहून चपखल भौतिकशास्त्र सापडणार नाही.

डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला विज्ञानाची शिस्त लावली. तिच्या आजच्या लेखकांना माझी विनंती आहे: यान हवं तेवढं वेगाने न्या, पण त्या वेगापायी कोण काय गमावतं, ते लिहा. आणि वाचकांनी सेमलीची कथा जरूर मिळवून वाचावी. ती एका बैठकीत वाचून होते.