फोनच्या तळाशी अडकलेली मेमरी
पावसाळ्यात सावित्री फुगली की महाड-पोलादपूरकरांचा हात आधी मोबाइलकडे जातो. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली. २०२३ मध्ये कर्कश आवाजाच्या आपत्ती-इशाऱ्याच्या देशभर चाचण्या झाल्या. इशाऱ्यासाठी टॉवर उभा हवा, हे आहेच; पण फोनही अडकून पडता कामा नये.

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचा कर्नल असतो. अ‍ॅप बंद पडले तर त्याने अडवलेली मेमरी कर्नल परत घेतो. खुद्द कर्नलच स्वतःची मेमरी सोडायला विसरला, तर ती फोन पुन्हा सुरू करेपर्यंत अडकते.

कर्नलचे सुटे भाग तपासणारी 'केयुनिट' ही चौकट जानेवारी २०२० मध्ये लिनक्स ५.५ सोबत आली. गोम अशी, की मोक्याची अट चुकली की चाचणी मध्येच थांबते आणि शेवटी लिहिलेली आवराआवर राहून जाते. म्हणून चाचणीने केयुनिटमार्फत घेतलेल्या मेमरीची नोंद केयुनिटच ठेवते आणि पास होवो वा नापास, ती परत करते. ही सोय मोलाचीच. मात्र तपासल्या जाणाऱ्या भागाने परस्पर घेतलेली मेमरी या हिशेबात येत नाही. ती गळती हुडकायला 'केमेमलीक' हे वेगळे साधन लागते. त्याने काम मंदावते, म्हणून विक्रीच्या फोनमध्ये ते सहसा बंद असते.