फी आधी, परतावा नंतर
झाशीला मावसबहिणीकडे गेले होते. तिची लेक बारावीत. रात्री जेवणं आटोपल्यावर बहिणीने हिशेबाची वही पुढे केली. ‘कॉलेज’ लिहून खाली एकच आकडा, फीचा. म्हटलं, अगं, वसतिगृह, मेस, पुस्तकं, येणं-जाणं कुठंय? घराचं कंबरडं पुष्कळदा हा वरचा खर्चच मोडतो. मुलगी घरून बुंदेलखंड विद्यापीठात गेली तर वहीचं पान अर्धं कोरं राहील. लखनौला गेली तर भरेल. मग मदतीकडे वळलो. उत्तर प्रदेश सरकार दशमोत्तर शिष्यवृत्तीबरोबर शुल्क प्रतिपूर्ती देतं. उत्पन्नाची मर्यादा खुल्या आणि ओबीसी वर्गांना २ लाख, अनुसूचित जाती-जमातींना अडीच लाख. पण ‘प्रतिपूर्ती’ हा शब्द नीट वाचा. बहुतेक घरांना पैसे आधी भरावे लागतात, मिळतात मागाहून. तोवरची सोय कुठून, हे आत्ताच ठरवायला हवं. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत कर्जाला तारण लागत नाही, जामीनदारही नाही. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. मात्र यादीतल्या निवडक संस्थांनाच ही योजना लागू आहे, म्हणून प्रवेश घेण्याआधी यादी पाहायची. बहिणीने पेन उचललं आणि फीच्या आकड्याखाली लिहिलं: ‘सोमवार, तहसील, आय प्रमाणपत्र.’ उत्पन्नाच्या दाखल्याला तिकडे हेच म्हणतात.