ग्लक : पुढे-मागे काहीही न लावता

लिंगओळखीचा प्रश्न ही समाजमाध्यमांवर वाढलेल्या पिढीने काढलेली टूम आहे, असे ठासून सांगणाऱ्यांसाठी आजचा थ्रेड. काळ दोन महायुद्धांमधला, स्थळ इंग्लंड, नाव ग्लक. फक्त ग्लक.

जन्म १८९५चा, ‘जे. लायन्स’ या चहागृहांच्या प्रसिद्ध कंपनीशी संबंधित धनाढ्य ज्यू घराण्यातला. कागदोपत्री नाव हॅना ग्लुकस्टीन. ग्लकने ते टाकले, केस आखूड कापले, पुरुषी शिवणीचे कपडे स्वीकारले. स्वतःच्या चित्रांच्या छायाचित्रांमागे ग्लककडून सक्त सूचना असे : नावाला उपसर्ग नको, प्रत्यय नको, अवतरणचिन्हेही नकोत. ज्या कलासंस्थेचे उपाध्यक्षपद ग्लककडे होते, तिने पत्रशीर्षावर ‘मिस ग्लक’ छापताच ग्लकने राजीनामा दिला.

‘श्रीमंताघरची लहर’ हा शेरा ठरलेलाच. घरचा पैसा होता म्हणून हे निभावले, हे खरेच. परंतु लहर जन्मभर टिकत नाही.

आणि चित्रे पाहा. १९२३-२४मध्ये रोमेन ब्रुक्सने ग्लकचे व्यक्तिचित्र रंगवले. समोर सूटातली धारदार आकृती. शीर्षकात मात्र ‘पीटर’ आणि लगेच ‘एक तरुण इंग्रज मुलगी’. आता १९३६चे ‘मेडॅलियन’ घ्या. ग्लक आणि नेस्टा ओबरमर यांचे चेहरे, एकामागे एक, एकाच दिशेला वळलेले. नाणी जमवणाऱ्या मित्रांना ही मांडणी ओळखीची वाटेल : १६८९नंतरच्या इंग्रजी नाण्यांवर राजा विल्यम आणि राणी मेरी असेच जोडीने दिसतात. कायद्याने ज्या नात्याला नाव दिले नाही, त्याला ग्लकने राजदांपत्याची चौकट दिली. १९४२च्या आत्मचित्रात तर हनुवटी वर उचललेली, नजर थेट बघणाऱ्यावर रोखलेली. आपली ओळख तुमच्याकडून मागून घेण्याचा भाव तिथे औषधालाही नाही.

याच हट्टाने पुढे ग्लकने तैलरंगांच्या हलक्या दर्जाविरुद्ध झगडा मांडला आणि अखेर ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनला नवे मानक आखायला लावले. त्यापायी दशकाहून अधिक काळ चित्रकला जवळजवळ थांबली. कलेच्या इतिहासाचे हे नुकसान मला व्यक्तिशः फार हळहळ लावते.

उलट्या टोकाच्या मित्रांशीही माझे भांडण आहे. ग्लकवर आजची एखादी संज्ञा घाईने चिकटवणे म्हणजे पुन्हा उपसर्गच लावणे. ‘मिस’ छापणाऱ्या संस्थेने वेगळे काय केले होते?

राहिली मराठीची सबब. आपले क्रियापद लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे मान्य. आदरार्थी बहुवचनातही ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ असा फरक उरतोच. पण ‘ग्लकने चित्र रंगवले’ या वाक्यात क्रियापद चित्राचे लिंग घेते, कर्त्याचे नव्हे. कर्मणी प्रयोग आपण शाळेत गुणांपुरता शिकलो. हा थ्रेड पुन्हा वरून वाचा : ग्लकचे लिंग ठरवणारे एकही क्रियापद त्यात नाही, आणि त्यासाठी मला एकही नवा शब्द घडवावा लागलेला नाही.