गेलेल्या माणसालाही थोडी जागा द्या

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत अलीकडे शोकाच्या कादंबऱ्यांचा पूर आला आहे. कुणाची आई गेलेली, कुणाचा नवरा, कुणाचं मूल. सोबतच्या पत्रात एक ओळ ठरलेली: 'प्रत्येक शब्द रडत लिहिला आहे.' आता यावर बोलायचं काय? चौथं पान फसलंय म्हणावं, तर 'अहो, त्यांचं माणूस गेलंय' असं ऐकून घ्यावं लागतं. दुःखाच्या आड उभं राहिलं की समीक्षकाचा दगड लागत नाही, हे लेखकांना आता नीट कळलं आहे.

बरं, कादंबरी म्हणावी तर साचाही एकच. पहिल्या प्रकरणात आयसीयूबाहेरचं बाकडं. मध्ये हिमालय, नाहीतर कोकणातलं जुनं घर. शेवटी पाऊस, प्राजक्त आणि 'मी पुन्हा जगायला शिकले.' तेराव्याला गोडाचं जेवण घालून सुतक संपवावं, तसं शेवटच्या प्रकरणात वाचकाच्या पानात गोड पडलंच पाहिजे. मलपृष्ठावर 'जगण्याची नवी उमेद देणारी' असं छापायला प्रकाशक तयारच असतो.

काहींनी तर कादंबरीचे पाच भाग पाडलेले असतात: नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 साली हे टप्पे मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे उरलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. म्हणजे मरणाऱ्याचा नकाशा घेऊन आमचे लेखक जगणाऱ्याच्या घराचा पत्ता शोधतात, आणि प्रत्येकाला तो तीनशे पानांत बरोब्बर सापडतोही!

दुसरा आधार 'लिहिल्यानं मोकळं होता येतं' याचा. खरं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या आघातांबद्दल ओळीनं चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायला लावलं. लिहून उठल्यावर त्यांना आधी अधिकच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र तिथं ना प्रकाशन समारंभ होता, ना पुस्तकावर किंमत. मोकळं व्हायला वही पुरते. कादंबरी छापली, की प्रश्न वाचकाचा येतो, आणि लेखकाची प्रकृती सुधारण्यासाठी वाचकानं चारशे रुपये का मोजावेत, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या कादंबऱ्यांत गेलेलं माणूसच नसतं. आई असते ती फक्त मरण्यापुरती. ती कुणावर खेकसायची, कुठल्या जावेशी आयुष्यभर बोलली नाही, पैसे कुठं लपवायची, यातलं एक अक्षर नाही. तिच्या मरणावर लेखिकेचं सावरणं उभं राहतं आणि आई फोटोतल्या हारामागे जाते. याला श्रद्धांजली म्हणायचं?

साने गुरुजींची आई 1917 साली गेली. 'श्यामची आई' त्यांनी लिहिलं 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. त्या पुस्तकाला रडकं म्हणून हिणवणाऱ्यांनी ते पुन्हा वाचावं. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला ही आई फोकानं झोडपते. कर्जवसुलीला दारात येऊन अपमान करणाऱ्या माणसाला खडसावते. ती जाते तेव्हा श्याम जवळ नसतो, आणि ही चुकामूक पुस्तक कशानंही भरून काढत नाही. गुरुजी स्वतः सावरले का, हा प्रश्नही आपल्याला पडत नाही, कारण सगळी जागा आईनं व्यापलेली असते.

नेमाड्यांच्या 'कोसला'त (1963) पांडुरंगची धाकटी बहीण जाते. त्यानंतर तो शहाणा होत नाही, उलट अधिकच तिरका होतो, आणि शेवटी गावी परततो तो हरून. बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (1939) हेर्टा जीव देते आणि चक्रधरच्या हाती दिलासा म्हणून काहीच लागत नाही. या दोन्ही कादंबऱ्या आज एखाद्या संपादकाकडे गेल्या, तर 'शेवट थोडा सकारात्मक करता येईल का?' अशी चिठ्ठी लागून परत येतील.

यावर कुणी म्हणेल, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, तुम्ही बाहेरचे कोण सांगणार? मान्य. तुमच्या शोकावर माझा काडीचा अधिकार नाही. तुमच्या वाक्यावर मात्र आहे, कारण ते तुम्ही मला विकलं आहे.

तेव्हा यापुढे हस्तलिखित पाठवताना रडल्याचा दाखला जोडू नका. गेलेल्या माणसाचा एक हट्ट लिहा, एक लबाडी लिहा, तुमचं नि त्याचं न मिटलेलं एक भांडण लिहा. ते माणूस मला पानावर दिसलं, तर मी आपोआप हळहळेन. तुम्ही सावरलात की नाही, ते तुमच्या डॉक्टरला सांगा.