चंद्राला खळे पडले

मागच्या पौर्णिमेच्या सुमारास जेवण करून खाली उतरलो, तर शेजारच्या वहिनी वर बघत उभ्या. "भाऊ, चंद्राला केवढं खळं पडलंय! सासूबाई दवाखान्यात, आणि कुणी म्हणालं, हे लक्षण चांगलं नाही."

म्हटले, वहिनी, हात ताठ लांब करा, पंजा फाका आणि अंगठ्याने चंद्र झाका. करंगळीचे टोक जवळजवळ खळ्यावर टेकले. माझेही तसेच. चंद्रापासून खळ्यापर्यंतचे अंतर २२ अंश, आणि ते दर वेळी तेवढेच. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे त्या खळ्याला ठाऊक नसते.

हा आकडा येतो बर्फातून. सहा-सात किलोमीटरच्या वर पातळ ढगांचा पडदा असतो. खाली आपल्याला घाम फुटला तरी तिथे कडक थंडी. त्या ढगात बर्फाचे बारीक स्फटिक असतात, मुलांच्या शिसपेन्सिलीसारखे सहा बाजूंचे. प्रकाश एका बाजूने शिरतो आणि मधली एक बाजू सोडून पुढच्या बाजूने निघतो. या दोन बाजूंत ६० अंशांचा कोन, म्हणून किरण निदान २२ अंश वळतोच. बहुतेक त्याच्या आसपासच वळतात, कमी कोणीच वळत नाही. म्हणून खळ्याच्या आतले आकाश काळसर दिसते. तांबडा रंग सर्वांत कमी वळतो, तो आतल्या कडेला. फ्रान्सच्या मारिओत यांनी हे सतराव्या शतकातच सांगून ठेवले आहे.

चंद्राला चिकटून लहानसे रंगीत वलय दिसते, ते मात्र निराळे. ते बहुधा पाण्याच्या थेंबांचे.

खळे सूर्यालाही पडते. २४ मे २०२१ रोजी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, बंगळुरूच्या लोकांनी ते दिवसाढवळ्या पाहिले. पण वाचकहो, सूर्याकडे थेट बघू नका. जुनी एक्स-रे फिल्म किंवा काजळी धरलेली काचही नको. सूर्य भिंतीआड ठेवून बाजूचे आकाश बघा.

खळे पडले की पाऊस येतो म्हणतात. असे ढग कधी पावसाआधी येतात, कधी नुसतेच निघून जातात. त्या रात्री आमच्याकडे थेंबही पडला नाही.

वहिनींनी धाकट्याला हाक मारली. त्याचा पंजा लहान, पण हातही तेवढाच आखूड, तेव्हा करंगळी खळ्याशीच. दहाच्या सुमारास ढग सरले, खळेही गेले. वहिनी सकाळच्या डब्याची भाजी निवडायला घरात गेल्या.